भाचा म्हणतो प्लॉट विकू अन् वेगासला जाऊ

प्रश्न : सर नमस्कार. आमच्याकडं दिवाळीत तीन पत्ती चालतेच, भाचा त्यात तरबेज आहे, चार-दोन हजार जिंकून पण आणतो. आता त्यानं मोबाईलवर पाहिलं की अमेरिकेत लास वेगासला पोकरची (तीन पत्तीसारखाच पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ) स्पर्धा असते अन् पहिल्या नंबरला 80-85 कोटी मिळतात. म्हणतो मामा, बायपासकडचा प्लॉट विकू. हे खरं असतं का?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : बक्षीस खरं आहे ओ मामा. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर म्हणतात त्याला, 1970 पासून चालू आहे. पहिल्या वर्षी तर खेळाडूंनी मतदान करून जॉनी मॉसला विजेता ठरवलं होतं, म्हणजे आपली सोसायटीची निवडणूकच की! पुढच्या वर्षापासून मात्र चिप्स (पैशाच्या जागी लावायच्या चकत्या) संपेपर्यंत खेळायचं ठरलं. 2024 ला मेन इव्हेंटला, म्हणजे त्यातल्या मुख्य स्पर्धेला, 10,112 जण बसले, जिंकणाऱ्याला 1 कोटी डॉलर.

पण हे पैसे येतात कुठून? खेळणाऱ्यांच्याच खिशातून. एंट्री 10 हजार डॉलर, म्हणजे साडेआठ लाखाच्या पुढं, व्हिसा विमान हॉटेल वेगळंच. अन् शंभरातल्या साधारण 15 जणांनाच काहीतरी मिळतं, बाकीचे 85 रिकाम्या हातानं घरी.

भाच्याला एक नीट समजावून सांगा. घरच्या डावात हरलं की खिशातून अजून पाचशे काढून बसता येतं, तिथं 60 हजारच्या चिप्स (हा आकडा नुसता खेळापुरता, खरे पैसे नव्हेत) एकदाच मिळतात, संपल्या की उठायचं, मेन इव्हेंटला परत एंट्री नाही. अन् तिथली ब्लाइंड म्हणजे न बघता खेळणं नव्हे बरं का, ती आपल्या बूटसारखी, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच लावायची रक्कम, फक्त आळीपाळीनं दोघांनीच लावायची, अन् दर दोन तासाला वाढत जाते. म्हणून चांगल्या पत्त्याची वाट बघत गप बसलेला माणूस पण हळूहळू खलासच होतो. रोजचे दहा-दहा तास असं बसायचं, असे कितीतरी दिवस.

मला सगळ्यात भारी वाटतो तो बबल. म्हणजे अजून एक-दोन जण बाहेर पडले की उरलेल्या सगळ्यांना पैसे पक्के. तेव्हा एका टेबलाचा डाव संपला तरी डीलर पुढचे पत्ते वाटत नाही, हॉलमधल्या सगळ्या टेबलांचे डाव संपेपर्यंत थांबतो, नाहीतर लोक मुद्दाम वेळ काढतील ना. शेकडो माणसं उभी राहून दुसऱ्याच्या टेबलाकडं बघत असतात की कोण बुडतंय.

भाचा 2003 च्या ख्रिस मनीमेकरचं नाव काढील (आडनाव खरंच तेच आहे). अकाउंटंट माणूस, 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून एंट्री कमावली अन् 25 लाख डॉलर घेऊन गेला. त्याला बघून नंतर गर्दी इतकी वाढली की 839 चे तीन वर्षात 8,773 झाले. पण त्यानं प्लॉट नव्हता विकला, 86 डॉलर लावले होते, हे पण सांगा. आपल्याकडं तर 2025 च्या कायद्यानं पैसे लावून ऑनलाइन खेळणंच बंद झालंय.

आपले लोक जिंकत नाहीत असं नाही, संतोष सुवर्णानं 2024 ला तिथंच 54 लाख डॉलरचं बक्षीस मारलं, पण त्या स्पर्धेची एंट्रीच अडीच लाख डॉलर होती.

लईच हट्ट धरला तर पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोत एखादी छोटी स्पर्धा खेळून येऊ द्या, स्वतःच्या कमाईतून. अन् प्लॉटचे कागद तेवढे मामीच्या कपाटात ठेवा.