नववीतल्या मुलाचा ग्रुप तोडावा का? शाळा बदलावी का?

शाळा बदलू नका, ताई. निदान एवढ्यासाठी तरी नको.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीपासून मुलाला मित्रांशिवाय काही सुचत नाही, केस त्यांच्यासारखे कापून आला, काही विचारलं की ‘काय नाय’ म्हणून खोलीत जातो, आणि त्या चौघांतला एकजण तुम्हाला अजिबात पसंत नाही. यातलं बहुतेक सगळं वयाचं आहे. शेवटचं तेवढं बघण्यासारखं.

मी साताऱ्यात मुलांच्या वसतिगृहावर रेक्टर आहे. जावळी, पाटण, माण, कुठकुठली पोरं जूनमध्ये येतात. सुरुवातीला गाववाला गाववाल्याला धरून असतो, मग खोलीवाले एक होतात, मग कबड्डीवाले. आठवीपर्यंत मित्र म्हणजे खेळायला लागणारा भिडू. नववीत खेळ संपला तरी पोरं उठत नाहीत, नुसती बसून राहतात. ‘नुसतं बसून करतात काय?’ हा आयांचा नेहमीचा प्रश्न. आपण काय बोललो की हसतात, काय बोललो की सगळे गप्प होतात, रुसलेल्याला परत कसं बोलवायचं, हे तिथं शिकतात. घरी ते शिकता येत नाही, कारण घरी आपण सांभाळून घेतो.

डेक्स्टर डन्फी नावाच्या अभ्यासकाने सिडनीतल्या पोरांच्या टोळक्यांवर १९६३ साली लिहिलं: आधी फक्त मुलांची किंवा फक्त मुलींची छोटी टोळकी, मग ती एकमेकांच्या जवळ येतात, मग मिसळतात, आणि शेवटी जोड्या पडून मोठा घोळका विरतो. साताऱ्यात राजवाड्यावर संध्याकाळी उभं राहिलात तर पहिल्या दोन पायऱ्या तुम्हालाही दिसतील. (पुढच्या पायऱ्या कासच्या रस्त्याला दिसतात, पण तो विषय अकरावीत.)

सोबत्यांचा जोर फक्त बिघडवतो असंही नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये याच साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि वेगवेगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. शिवाशीव पाळणाऱ्या घरांतली पोरंही तिथं एकत्र जेवली. नुसत्या व्याख्यानाने ते झालं नसतं.

आता काळजीचं. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर एक प्रयोग मांडला. काहींना एकट्याने खेळवलं, काहींना दोन मित्र सोबत असताना. १३ ते १६ वयाची मुलं मित्रांसमोर कितीतरी जास्त धोका घेत होती. चोविशीच्या पुढच्यांना मित्र असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नव्हता. यवतेश्वरच्या घाटात एकटं पोरगं जपून गाडी चालवतं, मागे दोघं बसले की तेच पोरगं गाडी तिरपी घालतं. त्यामुळे चावी तुमच्याजवळ. तिथं चर्चा नको. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो.

बाकी ग्रुप चांगला की वाईट, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: तुमचा मुलगा तिथं ‘मी नाही येणार’ म्हणू शकतो का, आणि तसं म्हटल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याची जागा राहते का? हे त्याला विचारून कळणार नाही. चौघांना जेवायला बोलवा. प्रश्न विचारू नका, वाढत राहा आणि ऐका. चेष्टा रोज एकाचीच होते की फिरती आहे? पाणी आणायला कोण उठतं? तुम्हाला न आवडणारा तो बोलला की तुमचा मुलगा आधी त्याच्या तोंडाकडे बघून मग हसतो का? माझ्या अनुभवात दिसायला उनाड असतो तो बऱ्याचदा निरुपद्रवी निघतो. स्वतः शांत बसून दुसऱ्याला पुढे करतो, त्याच्यावर डोळा ठेवा.

पैसे नाहीसे होणं, जुने सगळे मित्र एकदम सुटणं, शाळेच्या वेळेला रोज पोट दुखणं, हे दिसलं तर वर्गशिक्षकांना भेटा. बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत. आणि खरं सांगू? टोळक्यातल्या पोरांपेक्षा डबा एकट्याने खाणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

त्या एकाचं नाव घेऊन बंदी मात्र घालू नका. भेटी थांबणार नाहीत, फक्त तुम्हाला कळायच्या बंद होतील. त्यापेक्षा चौघांच्या आयांचे नंबर घ्या आणि घरी यायची वेळ सगळ्यांना एकच ठरवा, म्हणजे ‘त्याला चालतं, मलाच नाही’ हा वाद उरत नाही. हे आपसात ठरलंय, एवढं पोरांना कळू देऊ नका.