‘विथड्रॉन’ कोड : रद्द, बाद की मागे घेतलेला?

प्रश्न असा : परदेशी विकास-मदतीच्या खुल्या विदेसाठी (सर्वांना पाहता येणाऱ्या डेटासाठी) ज्या सामाईक कोडयाद्या (देश, क्षेत्र वगैरेंना ठरवून दिलेल्या आकडी किंवा अक्षरी खुणांच्या याद्या) वापरतात, त्यांत कोडपुढे ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘विथड्रॉन’ असा शेरा असतो. मराठी पुस्तिकेत ‘विथड्रॉन’ला ‘रद्द’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘कोड’ऐवजी ‘संकेतांक’ लिहावं का?

‘रद्द’ नको. एक तर तो शब्द तिथे आधीच अडकलेला आहे. या याद्या ज्या उपक्रमाच्या, त्या आयएटीआयच्या (मदतीचा पैसा कुठे जातो हे उघड करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या) प्रमाणकात प्रकल्पाची अवस्था सांगणारी वेगळी यादी आहे. तिच्यात 4 म्हणजे बंद, 5 म्हणजे रद्द, 6 म्हणजे स्थगित. प्रकल्पही रद्द आणि कोडही रद्द, मग वाचणाऱ्याने काय समजायचं?

खरी अडचण अर्थाची आहे. ‘रद्द’ म्हटलं की ती गोष्ट यापुढे ग्राह्य नाही. ‘बाद’चंही तेच, बाद मत कोणी मोजत नाही. विथड्रॉन कोड मात्र जुन्या नोंदींत पूर्ण ग्राह्य असतो, फक्त नव्या नोंदीला तो लावायचा नसतो. सौरऊर्जेचा कोड पूर्वी 23067 होता. आता केंद्रीय ग्रीडला (मुख्य वीजजाळ्याला) जोडलेल्या सौरऊर्जेला 23230 आणि स्वतंत्र संचांना 23231 आहे. जुन्या 23067 मधला प्रकल्प यातल्या कुठल्या घरात बसवायचा, हे नुसता कोड पाहून सांगता येत नाही. म्हणून तो यादीतून पुसत नाहीत. शेरा मारून तसाच ठेवतात.

पुसून तोच कोड दुसऱ्याला दिला की काय होतं, याचा नमुना आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या देशांच्या यादीत आहे. ‘सीएस’ हा कोड चेकोस्लोव्हाकियाचा. 1993 मध्ये तो देश फुटला आणि 2003 मध्ये हीच दोन अक्षरं सर्बिया-माँटेनेग्रोला मिळाली. तो देशही 2006 मध्ये फुटला! आता जुन्या कागदात ‘सीएस’ दिसलं, की आधी साल बघायचं.

नेमकी छटा दाखवणारा प्रयोग आपल्या वर्तमानपत्रांत तयार आहे. 2016 मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा ‘रद्द’ झाल्या. 2023 मध्ये दोन हजारांची नोट ‘चलनातून मागे घेतली’, पण तिची कायदेशीर वैधता राहिली. विथड्रॉन कोड या दुसऱ्या जातीचा. मात्र नुसतं ‘मागे घेतलेला’ म्हणू नका. शब्द मागे घेतला की तो उच्चारलाच नव्हता असं धरतात, आणि ती छटा इथे नको आहे. ‘वापरातून मागे घेतलेला’ लिहा. लांब वाटलं, तर तक्त्यात ‘चालू’ आणि ‘वापरातून मागे’ एवढं पुरे.

‘संकेतांक’ मला तरी नको वाटतो. त्यात ‘अंक’ बसला आहे, आणि या याद्यांत अक्षरी कोड भरपूर : भारताचा ‘आयएन’, रुपयाचा ‘आयएनआर’. आयएटीआय प्रमाणकाच्या आवृत्ती 2.01 च्या आधी तर व्यवहाराचे प्रकारही अक्षरांनीच लिहायचे. निधीच्या वितरणाला (डिस्बर्समेंटला) ‘डी’ होता, तिथे नंतर 3 आला. ‘पिनकोड’मुळे ‘कोड’ घरोघरी पोचलेला आहे, तोच ठेवा. यादीला ‘कोडयादी’ म्हणा. ‘संकेतसूची’ म्हटलं, तर निम्म्या लोकांना ती संकेतस्थळांची यादी वाटेल.