वाचक विचारतात : तळघरातले उंदीर

प्रश्न : आमच्या तळघरात जुनी पुस्तकं, गाद्या, हत्यारांची पेटी आणि कपडे धुण्याचं मशीन असतं. दोन महिने पिंजरा लावतोय. आठवड्याला एखादा उंदीर सापडतो, चार दिवस शांतता, की पुन्हा खुडबुड सुरू. हे संपणार कधी?

उत्तर : एका पिंजऱ्यानं संपणार नाही. मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेळी साधारण पाच-सहा पिल्लं देते आणि ती पिल्लं दीड महिन्यात स्वतः वीण घालायला लागतात. आठवड्याला एक पकडून हा हिशोब कधीच फिटत नाही. त्यात बाहेरची वाट उघडी असली, तर पकडलेल्याची जागा दुसरा येऊन घेतो. म्हणून बाहेरची वाट बुजवणं आणि आतले पकडणं ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात व्हायला हवीत.

वाट म्हणजे फार मोठं भोक नव्हे. ६ ते ७ मिलिमीटरची फट, म्हणजे शिसपेन्सिल आत जाईल एवढी जागा लहान उंदराला पुरते. डोकं शिरलं की बाकीचं अंग तो ओढून घेतो. तेव्हा पेन्सिल हातात घेऊनच तपासणीला निघा. जिथे ती शिरते तिथे खडूनं खूण करा.

सर्वांत आधी पाहायचं ते पाणी, गॅस आणि विजेच्या नळ्या भिंतीतून आत येतात तिथे. भोक मोठं पाडलेलं असतं, नळी बारीक असते आणि मधली गोल फट कुणी भरलेली नसते. मशीनचं पाणी बाहेर नेणारा पाईपही याच जातीचा. मग हवेच्या झरोक्याची जाळी, खिडकीची चौकट, दाराखालची फट (विशेषतः तिचे दोन कोपरे), जमिनीतल्या मोरीचं झाकण, आणि भिंत जिथे वरच्या मजल्याला टेकते ती रेघ. भर दुपारी तळघरातले दिवे बंद करून पाच मिनिटं उभे राहा. डोळे सरावले की प्रकाशाच्या तिरिपी आपोआप दिसतात. वळणावळणानं आलेल्या फटीतून उजेड येत नाही, तिथे पेटलेली उदबत्ती धरा. सरळ वर जाणारा धूर एकदम आडवा वाकला की समजा, वारा आत येतोय. घरात गॅसचा वास येत असेल तर मात्र उदबत्ती पेटवू नका.

रोजच्या वापरातलं भोक वेगळं ओळखू येतं. कडा गुळगुळीत झालेली असते आणि तिला काळपट, तेलकट डाग लागलेला असतो, कारण उंदराचं अंग दर वेळी तिथेच घासतं. खात्री करायची तर कागदाचा बोळा हलक्या हातानं त्यात बसवा. दोन-तीन रात्रींत तो बाहेर पडला किंवा कुरतडला गेला, तर वाट चालू आहे.

बुजवताना सर्रास होणारी चूक म्हणजे नुसता फोम मारणं. फोम फुगून भोक भरल्यासारखं दिसतं, पण उंदीर तो सहज कुरतडतो. बारीक फटीत स्टील वूल (पोलादाच्या केसासारख्या बारीक तारांचा बोळा) पेचकसानं घट्ट ठासा, बोटानं ओढून बाहेर येता कामा नये, आणि वरून सीलंट, म्हणजे फटी बुजवायची चिकट लुकण, भरा. तळघराची भिंत ओल धरत असेल तर साधं स्टील वूल गंजून भुगा होतं. तिथे तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी वापरा. दोन बोटं जातील एवढ्या भोकात आधी जाळीचा बोळा बसवा आणि वरून एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू असा माल भरा. माल भरण्याआधी भोकाच्या कडा पाण्यानं भिजवा. कोरडी भिंत मालातलं पाणी शोषून घेते, मग तो आकसतो आणि कडेनं नवी फट पडते. पुढचे तीन-चार दिवस त्यावर पाणी शिंपडत राहा.

झरोक्याला ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक घराची, तारांचे सांधे वेल्ड केलेली गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) जाळी लावा. डासांची प्लास्टिकची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. तळघरात गॅसवर चालणारा गीझर किंवा बॉयलर असेल, तर त्याची हवेची वाट कधीही बंद करायची नाही, तिथे फक्त जाळी. हवा कोंडली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि तो उंदरांपेक्षा किती तरी घातक. दाराखाली धातूची पट्टी असलेला ब्रश किंवा रबर बसवा. नुसतं रबर कोपऱ्यातून कुरतडलं जातं.

आता क्रम, कारण तिथेच घोटाळा होतो. बाहेरच्या भिंतीतली भोकं पहिल्या दिवशी बुजवा. भिंतीच्या पोकळीतून तळघरात उघडणारी आतली भोकं मात्र तशीच ठेवा. ती आधी बंद केली तर पोकळीतले उंदीर तिथेच अडकतात, मरतात, किंवा कुरतडत वरच्या खोल्यांत निघतात. सलग दोन आठवडे सापळे रिकामे राहिले की मग आतली भोकं बुजवा.

तुमच्या सामानात गाद्या आणि पुस्तकं आहेत, म्हणजे घरट्याचा कापूस आणि कागद दोन्ही आयते. पुठ्ठ्याची खोकी काढून घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या, ते फळीवर जमिनीपासून वीतभर वर ठेवा आणि भिंतीपासूनही वीतभर सोडा, म्हणजे मागे टॉर्च मारता येईल. कपडे धुण्याच्या मशीनखाली ऊब आणि अंधार असतो. ते पुढे ओढून खाली पाहा, आणि आधी प्लग काढा, कारण वायर कुरतडलेली असू शकते.

प्रश्न : सापळ्यातलं खाणं रोज फस्त होतं, पण उंदीर सापडत नाही. चाप कधी पडलेला असतो, कधी तसाच.

उत्तर : खाणं जास्त लावलं जातंय. मोठा गोळा असला की उंदीर कडेनं टोकरत खातो आणि चाप सोडणाऱ्या पट्टीवर दाब येतच नाही. शेंगदाण्याचं बटर हरभऱ्याच्या दाण्याएवढंच घ्या आणि पट्टीच्या खळगीत चेपून बसवा, म्हणजे चाटायला, ओढायला लागेल. पट्टीला जाड दोऱ्याचे दोन वेढे देऊन त्यावर ते चोपडलं तर अजून चांगलं. घरट्यासाठी दोरा ओढणारी मादीसुद्धा त्यात सापडते, खाण्याकडे तिनं पाहिलं नाही तरी.

चाप पडून सापळा रिकामा असेल तर तो टेकलाय कसा ते बघा. तळघराची जमीन खडबडीत असते, सापळा डुगडुगतो आणि उंदराचा पाय पडण्याआधीच सुटतो. खाली सपाट फरशीचा तुकडा ठेवा. दुसरं कारण म्हणजे ढिली पडलेली स्प्रिंग. गंज चढलेला सापळा टाकून द्या.

आणि जागा! उंदीर खोलीच्या मधून फिरत नाही, मिशा भिंतीला लावून कडेकडेनं पळतो. सापळा भिंतीशी काटकोनात ठेवायचा, खाणं असलेलं टोक भिंतीला जवळजवळ टेकलेलं. भिंतीला समांतर एकच सापळा ठेवला तर एका बाजूनं येणारा उंदीर त्याच्या मागच्या भागावरून निघून जातो. घरट्यापासून उंदीर फार लांब जात नाही, बहुधा ३ ते ९ मीटर. म्हणून दर दोन मीटरवर एक सापळा हवा. लेंड्या जास्त दिसतात तिथे दोन-दोन जोडीनं लावा. मध्यम आकाराच्या तळघराला दहा-बारा लागतात. दोन सापळे महिनाभर लावण्यापेक्षा बारा सापळे आठवडाभर लावणं कधीही चांगलं. तीन-चार रात्रींत एखाद्या जागी काहीच घडलं नाही तर सापळा तिथून हलवा.

प्रश्न : हे उंदीरच आहेत की दुसरं काही, हे कसं ओळखावं?

उत्तर : लेंड्या मोजपट्टीनं मोजा. घरातल्या लहान उंदराची लेंडी ३ ते ६ मिलिमीटर, टोकं निमुळती. १२ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर तो मोठा उंदीर आहे. त्याला मोठा सापळा लागतो, आणि तो नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या काही रात्री सापळा न चढवता नुसतं खाणं ठेवावं लागतं. लहान उंदीर उलट चौकस असतो, पहिल्याच रात्री सापडतो. लेंड्यांची संख्या पाहून घाबरू नका. एक उंदीर दिवसाला पन्नासच्या वर लेंड्या टाकतो.

तोंड लांब, टोकदार, चिकचिक आवाज आणि उग्र वास असेल तर ती चिचुंद्री. ती किडे खाते, तिच्यासाठी शेंगदाणा लावून उपयोग नाही. दाराची फट बंद करा आणि झुरळांचा बंदोबस्त करा. घराच्या पायाजवळ ताज्या मातीचे ढिगारे दिसले तर घुशीची शंका घ्या.

प्रश्न : औषध घालून एकदाच निकाल लावावा म्हणतो. घरात कुत्रा आहे.

उत्तर : घराच्या आत, त्यातही कुत्रा असताना, आमचं स्पष्ट उत्तर ‘नको’ असंच आहे. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, मरायला काही दिवस लागतात. तेवढ्यात तो भिंतीच्या पोकळीत जाऊन पडतो. औषध खाऊन उंदीर पाण्यासाठी बाहेर जातो ही समजूत चुकीची आहे. मेलेला उंदीर भिंतीत राहिला की वास एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतो, आणि भिंत फोडल्याशिवाय त्यावर उपाय नसतो.

कुत्र्याला धोका दोन प्रकारे : वडी थेट खाल्ली तर, किंवा औषध खाल्लेले उंदीर खाल्ले तर. लक्षणं दोन-तीन दिवस दिसतच नाहीत. मग मरगळ, फिक्या हिरड्या, खोकला, कुठूनही रक्त. खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता वेष्टन घेऊन पशुवैद्याकडे जा. औषधाचं नाव कळलं तर व्हिटॅमिन के-१ हा उतारा वेळेत सुरू करता येतो. झिंक फॉस्फाइडची गोष्ट त्याहून वाईट. पोटातल्या आम्लाशी मिळून त्याचा फॉस्फीन वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. ते घरात आणूच नका.

प्रश्न : चिकट पुठ्ठा, आवाजाचं यंत्र, डांबराच्या गोळ्या, यांतलं काय चालतं?

उत्तर : तळघरातल्या धुळीनं पुठ्ठ्याचा चिकटपणा दोन दिवसांत जातो, आणि सापडलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो. वापरू नये. आवाजाच्या यंत्राच्या लहरी खोक्यांपलीकडे जात नाहीत आणि उंदीर त्या आवाजाला सरावतात. डांबराच्या गोळ्यांनी उंदीर पळेल एवढा वास केला, तर तळघरात माणसालाही उभं राहवणार नाही.

प्रश्न : लेंड्या झाडून काढल्या तर चालेल का? घरात लहान मूल आहे.

उत्तर : कोरडं झाडू नका आणि साधा व्हॅक्यूमही फिरवू नका. उंदराच्या लघवी-लेंड्यांतून हंटाव्हायरस, साल्मोनेला, लेप्टोस्पायरोसिस असे आजार पसरू शकतात, आणि हंटाव्हायरस तर उडालेल्या धुळीतून श्वासावाटे जातो. आधी दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा आणि तेवढा वेळ स्वतः बाहेर थांबा. रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं ताजं द्रावण करून लेंड्यांवर फवारा, चिंब होऊ द्या, पाच मिनिटं थांबा. मग कागदी रुमालानं टिपून दुहेरी पिशवीत बांधा आणि जागा पुन्हा त्याच द्रावणानं पुसा. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा संडास साफ करायचं आम्ल मिसळू नका, विषारी वायू होतो. मेलेला उंदीरही सापळ्यासकट असाच भिजवून उचला. कुरतडलेली गादी टाकून द्या, तिच्या आतपर्यंत लघवी मुरलेली असते.

प्रश्न : सगळे गेले हे नक्की कधी समजायचं?

उत्तर : लेंड्या पूर्ण साफ केल्यावरच तपासणीला अर्थ येतो, नाहीतर जुन्या-नव्यात फरक कळत नाही. (ताजी लेंडी काळी आणि मऊ असते, जुनी करडी होते आणि दाबली की भुगा होतो.) भिंतीच्या कडेनं दर दोन मीटरवर हातभर लांब टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, मुलाचा आणि कुत्र्याचा हात-पाय पोचणार नाही अशा बेतानं. सकाळी टॉर्च जमिनीलगत आडवा धरून पाहा. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच आणि मधून शेपटीची बारीक रेघ असा ठसा उमटतो. दोन आठवडे ठसा नाही, नवी लेंडी नाही, सापळे रिकामे, म्हणजे आतले संपले. तरी दोन सापळे दाराच्या दोन्ही बाजूंना कायम चढवलेले असू द्या, महिन्यातून एकदा खाणं बदला, आणि थंडी सुरू होण्याआधी पेन्सिल घेऊन पाईपांभोवतीची भर पुन्हा एकदा तपासा, कारण थरथरणाऱ्या पाईपाशेजारचं सीलंट सगळ्यात आधी सुटतं.