परदेशी प्रकल्पांच्या जोखमीबाबत नव्या सहकाऱ्यास

आखातातील प्रकल्पाची जोखीम-नोंदवही मुख्यालयात बसून भरू नका. निविदा भरण्यापूर्वीच करार वाचून, साइटवरील अभियंत्यांसमवेत ती तयार करा. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या रेड बुकनुसार (बांधकामाच्या प्रमाणित करार-अटी), दाव्याचे कारण कळल्यापासून २८ दिवसांत कंत्राटदाराने मालकाने नेमलेल्या अभियंत्याला लेखी सूचना दिली नाही, तर मुदतवाढ आणि वाढीव रक्कम या दोन्हींवरील हक्क जातो, म्हणून ही मुदत सांभाळण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर सोपवा. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. संयुक्त अरब अमिरातीचे चलन दिरहम डॉलरशी बांधलेला असला तरी रुपया तसा नाही, तेव्हा रुपयांतील खर्च वेगळा मोजा. मागणी होताच देय ठरणाऱ्या सर्व बँक हमींची बेरीज कंपनीच्या पातळीवर ठेवा, कारण २०११ मध्ये लिबियात घडले तसे युद्धामुळे काम सोडून माणसे परत आणावी लागली, तरी अशी हमी आपोआप रद्द होत नाही.