तिसरी बॅटरी घेऊ नका

तुम्ही लिहिलंय, गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही, वर्षभरात दोन बॅटऱ्या झाल्या. मेकॅनिक म्हणतो गाडी कमी चालते. घरात सगळ्यांना वाटतं की सासरे दार नीट लावत नाहीत आणि आतला दिवा रात्रभर जळतो. तर आता तिसरी बॅटरी घ्यावी की अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदलावा?

दोन्ही नको. आणि सासऱ्यांचा उल्लेख नसता तर मी बहुधा उत्तर लिहायला बसलेही नसते.

आधी मेकॅनिकच्या बोलण्याचा हिशेब करू. धडधाकट गाडी बंद असतानाही थोडा करंट खातेच. घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनाच्या कंप्युटरची मेमरी, सगळं मिळून २० ते ५० मिलिअँपिअर. ३० धरले तर दिवसाला पाऊण एएच (अँपिअर-तास, बॅटरीतला साठा मोजायचं माप) पण जात नाही. छोट्या गाडीत ३५ एएचची बॅटरी असते, ती अर्धी उतरायलाच तीन आठवड्यांच्या वर लागतात. महिना-दीड महिना उभ्या गाडीबद्दल कोणी ‘कमी चालते’ म्हटलं तर मी ऐकून घेईन. चार दिवसांत नवी बॅटरी उतरत असेल तर काहीतरी तिला पितंय, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्याकडे हे चौदा महिने चाललं. आम्ही ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागात जनकगंजाकडे जुनं घर. बाबा रेल्वेच्या झाशी मंडळात गार्ड होते. गाडी किती वाजता सुटली, कुठे किती मिनिटं थांबली, हे आयुष्यभर लिहीत आलेला माणूस. आमची छोटी गाडी तेच चालवायचे, भाजी, बँक, दत्ताचं देऊळ, महिन्यातून एकदा मुरारला आत्याकडे. त्या दिवाळीला दादा पुण्याहून आला आणि बाबांसाठी गाडीत मोठी टच स्क्रीन बसवून घेतली, मागच्या कॅमेऱ्यासकट. बाबांना मान मागे वळवायला त्रास होतो म्हणून. भेट मनापासून दिली होती, त्याबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही.

डिसेंबरात तानसेन समारोह असतो. बाबा एक वर्ष चुकवत नाहीत. त्या वर्षी मी त्यांच्यासोबत होते. रात्री उशिरा हजीऱ्याला समाधीपासून बाहेर आलो तर गाडी नुसती टक टक करतेय. बोचरी थंडी, बाबांच्या डोक्याला मफलर, आणि दोन अनोळखी मुलं आमच्या गाडीला धक्का मारतायत. बाबा त्यांना तीनतीनदा सांगत होते, “बेटा, लाइट मैंने बंद की थी.” कोणी विचारलं नव्हतं तरी सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक म्हणाला, “ठंड में तो बैठेगी ही.” बॅटरी चार वर्षं जुनी होती, बदलली. हे ठीकच होतं. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो. बॅटरीच्या प्लेटा खरं तर त्या उन्हात खराब होतात, थंडी फक्त ते उघडं पाडते, कारण गार इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि गार बॅटरी कमी जोर देते. तर बदलली. फेब्रुवारीत नवी कोरी बॅटरी डाऊन. पुन्हा मार्चमध्ये. मग जंपर केबल डिकीतच राहायला लागली.

फोनवर दादाचं एकच. “बाबा विसरत असतील गं. वय झालंय.” आधी काळजीने म्हणायचा, मग सवयीने. पुण्याहून बदाम आले, स्मरणशक्तीच्या गोळ्या आल्या. बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी एक वही केली. गाडी लावली की घरात येऊन आधी वही. ‘१९.१०. हेडलाइट बंद. आतला दिवा बंद. चारी दारं ओढून पाहिली. डिकी पाहिली.’ खाली सही. आपल्याच घरात, आपल्याच गाडीसाठी सही! तरी तिसऱ्या दिवशी बॅटरी डाऊन, आणि दादा म्हणाला, “वहीत लिहिलं म्हणजे केलं असं थोडंच आहे.”

ऑगस्टात ती बॅटरी वॉरंटीत बदलायला नेली. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने चार्ज करून लोड लावून पाहिली आणि म्हणाला, बॅटरी अजून चांगली आहे, पण असंच चालू राहिलं तर मरेल, खोट गाडीत आहे. आम्हाला वाटलं वॉरंटी टाळतोय. भांडून निघालो आणि दुसरीकडून नवी घेतली. खरं बोलणारा तो एकटाच होता. शिशाची बॅटरी पुन्हा पुन्हा पार उतरली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग कितीही चार्ज करा, ती पूर्ण भरत नाही. तुमच्या दोन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या असणार.

सप्टेंबरात बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. “आता तूच चालव. मला माझा भरवसा वाटत नाही.”

मी कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकलं घेते. मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर) रोज हाताखाली असतो. तरी मलाही चौदा महिने सुचलं नाही, कारण मीसुद्धा मनातून मानून बसले होते की बाबाच विसरतात.

जानेवारीतली सकाळ होती, धुक्यात समोरचं फाटक दिसत नव्हतं. गाडी आदल्या संध्याकाळपासून उभी. आत बसले, स्टिअरिंग बर्फासारखं. चष्म्यावरचं धुकं पुसताना हात डॅशबोर्डवर टेकला आणि स्क्रीनची काच कोमट लागली. अंधारी, काळी स्क्रीन, पण कोमट. बारा तास बंद असलेल्या गाडीत एकच वस्तू गरम.

रविवारी बसले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठीक. (१३.८ ते १४.५ मध्ये कुठेही आलं तर त्याच्यावर पैसे घालवू नका.) मग इंजिन बंद, किल्ली बाहेर, बोनेट उघडं. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवली, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. १० नंबरच्या पान्याने मायनसचं टर्मिनल सोडवलं, मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून टर्मिनल आणि बॅटरी यांच्यामध्ये घातला. आकडा आधी मोठा येतो, त्यावर विश्वास ठेवू नका. गाडीतले कंप्युटर झोपायला अर्धा तास घेतात. मी चहा करून आणला, बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले. अर्ध्या तासाने आकडा ०.३८ अँपिअरवर थांबला, म्हणजे ३८० मिलिअँपिअर.

०.३८ गुणिले २४, दिवसाला ९ एएच. ३५ ची बॅटरी दोन दिवसांत निम्म्याखाली, तिसऱ्या दिवशी सेल्फ नाही. बरोबर तिसऱ्या दिवशी! मी फ्यूज एकेक काढायला लागले आणि बाबा आपणहून वही घेऊन आले. ‘हॉर्न, ०.३८. वायपर, ०.३८.’ ऑडिओचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०२ वर आला. बाबांनी तो लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

स्क्रीनच्या मागे दोन तारा असतात. पिवळी कायमच्या करंटची, गाडी बंद असताना फक्त मेमरीपुरती. लाल किल्लीवरची, जी सांगते की आता जागा हो. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून कायमच्या करंटवर टेप मारली होती. बाबा बटण दाबून स्क्रीन काळी करायचे, आतला कंप्युटर रात्रंदिवस जागा. लाल तार किल्लीच्या लाइनवर घ्यायला पंधरा मिनिटं लागली. त्यानंतर गाडी एकदा अठरा दिवस उभी होती, पहिल्या सेल्फला लागली.

दादाला फोटो पाठवला. तो म्हणाला, “दुकानवाल्याची चूक, माझी काय?” तारेची चूक दुकानवाल्याचीच, दादा. पण चौदा महिन्यांत एकदाही तुला असं वाटलं नाही की गाडीत नवीन काय आलं ते आधी बघावं. बाबा चाळीस वर्षं गाडी चालवतायत, स्क्रीन एका दिवाळीची. तू इंजिनिअर आहेस. तू हे वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून इथेही लिहितेय. बाबांची माफी तू अजून मागितलेली नाहीस.

तर तुमचं. बॅटरी घेतल्यानंतर किंवा त्याच्या थोडं आधी गाडीत काय बसवलं, ते आठवा. स्क्रीन, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, अलार्म, बाहेरून लावलेलं रिमोट लॉक. मी पैज लावून सांगते, यांतलंच एखादं निघेल. नसेल तर डिकीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवा बघा, मोबाइल आत रेकॉर्डिंगला ठेवून झाकण लावा म्हणजे दिवा विझतो का ते दिसेल. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला असू शकतो. चार्जिंग ठीक दिसूनही तो गळू शकतो, तेव्हा वर अल्टरनेटरबद्दल बोलले त्यात एवढी दुरुस्ती करून घ्या.

मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, हेडलाइट लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिचं चार्जिंग व्होल्टेज मुद्दाम वरखाली होतं, माझे आकडे तिला लावू नका. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक असेल तर नारिंगी वायरींच्या आसपास जाऊच नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

मीटर नसेल तर त्याहून सोपं. बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्या. रात्री गाडी लावली की मायनसचं टर्मिनल सोडवून बाजूला ठेवा, दार किल्लीने लावा. घड्याळ आणि रेडिओची सेटिंग जातील, जाऊ द्या. चौथ्या दिवशी टर्मिनल जोडून सेल्फ मारा. नाही लागली तर बॅटरी गेलेली आहे; ती आपणहून गेली की गाडीने पिऊन, हे यातून कळणार नाही. लागली तर गाडी पितेय, आणि मग फ्यूज काढून बघू शकेल असा ऑटो इलेक्ट्रिशियन शोधा, बॅटरीवाला नाही.

हे चार दिवस संपेपर्यंत सासऱ्यांना दाराबद्दल काही बोलू नका. टर्मिनल सोडवताना त्यांनाच सोबत घ्या.