वाचकांचे प्रश्न : स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी आणि अभ्यासाच्या अडचणी

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. बेंडिंग मोमेंट (भाराखाली तुळईला वाकवणारा परिणाम) आणि शिअर फोर्स (तिला आडवे कापू पाहणारे बल) यांची सूत्रे मला पाठ आहेत, परीक्षेत गुणही बरे मिळतात. पण प्रश्नातली आकृती जरा बदलली की माझे पुढचे पाऊलच पडत नाही. पुढे नोकरीत सगळे विश्लेषण सॉफ्टवेअरच करणार असेल, तर हाताने गणिते सोडवण्यात एवढा वेळ घालवणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक आहे, आणि तुमच्या प्रश्नाच्या पूर्वार्धातच त्याचे कारण दडलेले आहे. सूत्र तुमच्याकडे आहे, पण ते कोठून येते हे हातातून निसटले आहे. सहा मीटर लांबीचा, दोन्ही टोकांना साधा, म्हणजे टोक फिरायला मोकळे ठेवणारा, आधार असलेला बीम (तुळई) घ्या आणि त्याच्यावर प्रतिमीटर २० किलोन्यूटन असा सारखा पसरलेला भार आहे असे समजा. एकूण भार १२० किलोन्यूटन होतो, म्हणून प्रत्येक आधाराची प्रतिक्रिया ६० किलोन्यूटन येते. आता बीम मधोमध कापला आहे असे मानून फक्त डाव्या अर्ध्या भागाचा फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे त्या सुट्या भागावरची सगळी बले दाखवणारी आकृती, काढा. ६० ची प्रतिक्रिया तीन मीटरवरून १८० देते, या भागावरचा ६० चा भार दीड मीटरवरून ९० वजा करतो आणि उरतात ९० किलोन्यूटन-मीटर. पाठ केलेल्या सूत्रात आकडे घातले तरी हेच उत्तर येईल. फरक इतकाच की उद्या भार अर्ध्याच बीमवर असला किंवा आधार टोकापासून आत सरकला, तर सूत्र बाजूला पडते आणि छेद घेण्याची ही रीत मात्र जशीच्या तशी उपयोगी पडते.

सॉफ्टवेअरचेही याच बीमवर पाहू. आधार साधे दाखवायचे असताना चुकून दोन्ही टोके पूर्ण जखडलेली दाखवली गेली, तर मधला मोमेंट ९० ऐवजी ३० येईल आणि टोकांना उलट दिशेचे ६० दिसतील. आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीज तरीही १२० च राहील, पडद्यावर कोणतीही सूचना येणार नाही आणि आलेख अगदी सुबक दिसेल. त्या उत्तरावर विसंबून सळया घातल्या, तर बीमच्या मध्यभागी खालच्या बाजूला हव्या त्यापेक्षा कितीतरी कमी पोलाद पडेल. सॉफ्टवेअरने येथे काहीही चुकीचे केलेले नाही. त्याला जे सांगितले ते त्याने अचूक सोडवले. ज्याने आधी कागदावर अंदाज काढला आहे, त्यालाच ३० हा आकडा खटकेल.

छेद नेमका कोठे घ्यायचा, या साध्या प्रश्नाची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात १७ जुलै १९८१ रोजी दिसले. तेथील हयात रीजन्सी हॉटेलच्या प्रशस्त दालनात एकाखाली एक टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ जणांचा मृत्यू झाला. मूळ रचनेत छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच अखंड गज जाणार होता आणि दोन्ही पूल त्या गजावर स्वतंत्रपणे टेकणार होते. बांधकामाच्या टप्प्यावर सोयीसाठी त्याचे दोन तुकडे झाले : वरचा गज छतापासून वरच्या पुलापर्यंत, आणि खालचा गज वरच्या पुलाच्या बीमपासून खालच्या पुलापर्यंत. छतावरचा एकूण भार तेवढाच राहिला, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काही बदलले असे वाटले नसते. पण वरच्या पुलाच्या बीमखालच्या नटभोवती छेद घेऊन पाहा : पूर्वी त्या नटावर एका पुलाचा भार होता, आता दोन्ही पुलांचा आला, म्हणजे तो दुप्पट झाला. तो जोड मूळ रचनेतही नियमांच्या अपेक्षेपेक्षा दुबळाच होता, असे नंतरच्या चौकशीत आढळले. हे समजायला पहिल्या वर्षाच्या स्टॅटिक्सपलीकडचे (स्थिर वस्तूंवरील बलांच्या समतोलापलीकडचे) गणित लागत नाही, आणि म्हणूनच पहिल्या वर्षाचा तो विषय ‘सुटला एकदाचा’ म्हणून बाजूला टाकू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

तेव्हा यापुढे कोणतेही उदाहरण सोडवण्यापूर्वी भाराखाली रचना कशी वाकेल याची रेघ हाताने काढा आणि कोणत्या बाजूला ताण येईल ते त्यावर लिहा. सॉफ्टवेअर शिकायला हरकत नाही, ते शिकावेच. फक्त बटण दाबण्याआधी अपेक्षित उत्तर वहीत लिहिलेले असावे.

प्रश्न : इतर विषयांत एकच नेमके उत्तर येते, पण सॉइल मेकॅनिक्समध्ये (मातीच्या यांत्रिकीत) प्रत्येक ठिकाणी गृहीतके आणि सुरक्षा गुणांक. हा विषय मनाला पटतच नाही. तो कसा अभ्यासावा?

उत्तर : पोलाद कारखान्यात ठरावीक गुणधर्मांनुसार तयार होते, माती जशी सापडेल तशी स्वीकारावी लागते, आणि माती तपासण्यासाठी घेतलेल्या दोन बोअरहोलच्या (छिद्रांच्या) मध्ये काय आहे हे अनुमानानेच ठरवावे लागते. या अनिश्चिततेमुळे चिडचिड होणे स्वाभाविक आहे, परंतु विषयाचा कणा मात्र विलक्षण नेमका आहे. कार्ल टेरझागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेले परिणामी दाबाचे तत्त्व, म्हणजे इफेक्टिव्ह स्ट्रेस, हा तो कणा होय : एकूण दाबातून छिद्रांतील पाण्याचा दाब वजा केला की जो उरतो, तोच मातीच्या कणांच्या सांगाड्यावर येतो, आणि मातीची ताकद व तिचे खचणे त्यावर अवलंबून असते.

पाच मीटर खोलीवर हिशेब करून पाहा. संपृक्त मातीचे वजन प्रतिघनमीटर २० किलोन्यूटन आणि भूजल अगदी पृष्ठभागापर्यंत असेल, तर एकूण दाब १०० किलोपास्कल, पाण्याचा सुमारे ५० आणि कणांवरचा सुमारे ५०. शेजारच्या खोदकामासाठी पाणी उपसल्यामुळे भूजल त्या खोलीपर्यंत उतरले आणि वरच्या मातीचे वजन १८ वर आले, तर एकूण दाब ९० होतो आणि तो सगळाच्या सगळा कणांवर येतो. म्हणजे जमिनीवर एक वीटही न चढवता, किंबहुना एकूण दाब घटलेला असताना, मातीच्या सांगाड्यावरचा भार जवळजवळ दुप्पट होतो. खोदकामाला लागून असलेल्या इमारती खचण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. घनीकरण (पाणी निघून जाऊन माती हळूहळू दबणे), उतारांची स्थिरता, भिंतींवरचा मातीचा दाब ही पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येक वेळी ‘येथे पाण्याचा दाब किती?’ असा प्रश्न आधी विचारा. विषय बऱ्याच अंशी सरळ होईल.

प्रश्न : स्ट्रक्चरल (रचनांची), जिओटेक्निकल (माती व पायांची), जलसंपदा की वाहतूक, ही निवड दुसऱ्या वर्षातच करावी का?

उत्तर : नको. या शाखांतले खरे काम कसे असते हे तिसऱ्या वर्षाआधी नीटसे कळत नाही. तोवर फ्लुइड मेकॅनिक्स आणि संख्याशास्त्र कच्चे ठेवू नका, कारण हेच दोन विषय ‘मला स्ट्रक्चरच करायचे आहे’ म्हणणारे विद्यार्थी हमखास टाळतात.

प्रश्न : आमच्या गटात सर्व्हेच्या प्रात्यक्षिकाला एक जण रीडिंग घेतो आणि बाकीचे उतरवून घेतात. काँक्रीटच्या क्यूबची (ताकद तपासण्यासाठी ओतलेल्या ठोकळ्याची) रीडिंगही मागील वर्षीच्या जर्नलमधून येतात. तपासणी पार पडते. मग यात नुकसान काय?

उत्तर : तपासणी पार पडते, कारण ती बहुतेक वेळा बेरजेची असते. लेव्हलिंगमध्ये, म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाच्या मोजणीत, बॅकसाइटची (यंत्र मांडल्यावरच्या पहिल्या वाचनांची) बेरीज वजा फोरसाइटची (यंत्र हलवण्याआधीच्या शेवटच्या वाचनांची) बेरीज ही शेवटच्या आणि पहिल्या पातळीतील फरकाएवढी आली की आपण खूण करतो. पण स्टाफवर (उभ्या धरलेल्या मोजपट्टीवर) १.३४५ असताना कोणी १.४३५ वाचले, तरी ही बेरीज बिनचूक जुळते. ती फक्त वहीतले गणित तपासते. वाचनातली चूक उघडी पडते ती फिरून मूळ बेंचमार्कवर (उंची माहीत असलेल्या खुणेवर) येऊन तेथे मिळते की नाही हे पाहिल्यावर, आणि तो शेवटचा फेरा उन्हाला कंटाळून टाळला जातो. स्वतः दुर्बिणीला डोळा लावल्याशिवाय दशांशाचा कोणता अंक किती सहज निसटतो, याचा अंदाज येत नाही.

क्यूबचेही तसेच. १५० मिलिमीटरच्या क्यूबची ताकद प्रतिचौरस मिलिमीटर ३० न्यूटन असेल, तर यंत्राचा काटा सुमारे ६७५ किलोन्यूटनवर थांबतो; उतरवलेल्या जर्नलमध्येही हा आकडा असतो. मात्र व्यवस्थित फुटलेल्या क्यूबच्या चारही बाजू सारख्या निघून मध्ये टोकाला टोक लागलेले दोन पिरॅमिड उरतात, आणि क्यूब तिरपा बसला असेल किंवा त्याचा पृष्ठभाग समतल नसेल, तर एकच बाजू फुटते व आकडा कमी येतो. साइटवर अशा कमी आलेल्या आकड्यावरून काँक्रीट नाकारायचे की चाचणी पुन्हा घ्यायची, हे ठरवताना तो फुटलेला क्यूब पाहावा लागतो. गटात प्रत्येकाने निदान एक सेटअप स्वतः लावावा आणि एक क्यूब स्वतः भरून, पाण्यात ठेवून, २८ दिवसांनी स्वतः फोडावा. उरलेली रीडिंग वाटून घेतलीत तरी माझी तक्रार नाही.