‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ या अंतराळयानावरच्या मालिकेतला डॉक्टरच्या दिवास्वप्नांचा भाग कोणता? आधीचं न पाहता कळेल का?

तो सहाव्या सीझनचा चौथा भाग, ‘टिंकर, टेनर, डॉक्टर, स्पाय’ (1999), आणि आधीचं काही न पाहताही तो सहज कळतो. डॉक्टर माणूस नाही, जहाजावरचा होलोग्राम, म्हणजे संगणकाने प्रकाशातून उभी केलेली माणसासारखी आकृती आहे, एवढं माहीत असलं की पुरे. मी अख्खी मालिका पाहिली आहे आणि नवख्यांना हाच भाग आधी लावून देते. सुरुवातीलाच जहाजावरचा अधिकारी टुवॉक पिसाळतो, आणि डॉक्टर ऑपेराच्या चालीवर गाता गाताच त्याच्यासाठी इंजेक्शन भरायला सांगतो. मग कळतं, हे सगळं त्याच्या मनात चाललंय! खरी धमाल पुढे आहे. लपून पाळत ठेवणारा परग्रहावरचा एक हेर डॉक्टरची ही स्वप्नं, ज्यात तो कॅप्टनही होतो, खरी धरून बसतो. त्यामुळे डॉक्टरला खरोखरच कॅप्टनच्या खुर्चीत बसावं लागतं आणि अस्तित्वातच नसलेल्या तोफेची धमकी द्यावी लागते. त्या प्रसंगात डॉक्टर साकारणाऱ्या रॉबर्ट पिकार्डोचा चेहरा बघाच, भीती आणि ऐट एकाच वेळी दिसते. फक्त लहान मुलं सोबत असतील तर एक लक्षात ठेवा: एका स्वप्नात डॉक्टर जहाजावरच्या सेव्हन ऑफ नाइन या सहकारी स्त्रीचं नग्नचित्र रंगवताना दिसतो.